तारीख मागे नेणारे काका

काकांना जाऊन एक उन्हाळा उलटला. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मला आधी त्यांचा डावा कान आठवतो. त्या कानानं त्यांना काहीही ऐकू येत नसे.

“डावा कान प्लांटले देल्ला, उजवा मंडळाले,” असं ते सांगत. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये जन्म काढलेल्या पुष्कळांना कमी ऐकू येतं, त्यात आमच्या भिलाईत कोणाला नवल वाटत नाही. नवल याचं, की असा एका कानाचा माणूस मराठी मंडळाच्या नाटकांना आवाज पुरवायचा. जाहिरातीत त्यांच्या नावापुढे ‘ध्वनिसंयोजन’ असं छापत, पण बोलताना सगळे त्यांना साउंडवाले काका म्हणत. काकूसुद्धा कधीकधी म्हणायच्या, “थे साउंडवाले जेवाले येते का पाहा बाप्पा.”

डाव्या बाजूनं कोणी काही बोललं की काका मान हलवत. मनापासून, होकाराची. काय विचारलं ते कळलेलं नसे, पण समोरच्याला पुन्हा बोलायची तोशीस नको, हा त्यांचा सभ्यपणा. या सभ्यपणापायी त्यांनी एका लग्नात अनोळखी पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं कबूल केलं होतं, आणि एकदा शेजाऱ्यांचा कुत्रा दिवाळीभर सांभाळला होता. कुत्र्याचा मात्र त्यांना राग आला नाही. त्याचं भुंकणं, गुरगुरणं आणि फटाक्यांना घाबरून पलंगाखाली कुंथणं, तिन्ही त्यांनी रेकॉर्ड करून घेतलं.

कोणाच्या नव्या घरी गेले की काका भिंती, फरशी, स्वयंपाकाचा ओटा यांतलं काही बघत नसत. आधी दारं उघडून लावून बघत. “दार चांगलं बोलते तुमचं,” असं ते म्हणाले की घरमालक स्वतः एकदा ते दार लावून बघे. त्यांच्या स्वतःच्या स्मृति नगरातल्या घराच्या फाटकाला त्यांनी कधी तेल घालू दिलं नाही. त्या फाटकाचा करकर आवाज दोन नाटकांत वापरला होता आणि तिसऱ्यात लागला तर असावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माझ्याच्यानं फार बोलणं होत नाही. म्हणून मंडळानं मला बोलायचं, पण प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये, असं काम दिलं. नाटकाची प्रत मांडीवर घेऊन विंगेत बसायचं आणि नट वाक्य विसरला की हळूच सांगायचं. विंगेत काकांचं टेबल, आणि त्यांच्या उजव्या हाताला माझं स्टूल. मी योग्य बाजूला बसत असल्यामुळे आमचं जमलं.

“पुस्तकवाली, तू हळू बोलतं, पण बराबर बोलतं,” असं ते म्हणाले होते. माझ्या कामाचं एवढं कौतुक नंतर कोणी केलं नाही.

त्यांच्या टेबलावर एक कम्प्युटर असे आणि त्याच्या कीबोर्डवर कागदाचे चिकटवलेले तुकडे. एकेका बटणावर एकेक शब्द: दार, कुत्रा, रिक्षा, भोंगा, वासरू, सासू. ‘सासू’ म्हणजे काकूंच्या आवाजातलं “कोण आलं गं?” नाटकात आत कोणीतरी मोठं माणूस आहे असं दाखवायचं असलं की काका ते बटण दाबत. बटण दाबलं की तो आवाज वाजायचा, सोडलं की थांबायचा. असा एक प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता.

घराघरांत कम्प्युटर नवेनवे येत होते तेव्हा रायपूरच्या दुकानदारानं मशीनबरोबर ही सीडी त्यांच्या हातात ठेवली होती. परदेशातल्या कुठल्याशा लहान कंपनीचा माल. महिनाभर फुकट वापरा, आवडला तर पैसे भरा, अशी पद्धत. काकांना तो पहिल्याच दिवशी आवडला. पैसे भरायला ते बँकेतही जाऊन आले, पण परदेशात एवढीशी रक्कम कशी पाठवायची हे तिथं कोणालाच सांगता येईना. पुढे कार्डं आली, सगळं घरबसल्या होऊ लागलं, तोवर ती कंपनीच बंद झाली होती. काकांनी पाठवलेला ईमेल परत आला.

“मी द्याले तयार आहो, घेणाराच नाही उरला. मी काय करू?”

त्यांनी काय केलं, तर कम्प्युटरची तारीख मागे नेली. महिना संपला की नाही हे तो प्रोग्रॅम फक्त मशीनच्या घड्याळावरून ठरवायचा. म्हणून काम सुरू करण्याआधी काका दर वेळी घड्याळ मागे नेऊन तो बसवला त्याच्या दुसऱ्या दिवसावर आणत. तो सोमवार होता. त्या मशीनमध्ये वर्षानुवर्षं रोज तोच सोमवार असे. त्या सोमवारी छत्तीसगड राज्य झालेलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना फारच आनंद झाला.

“बाहेर कोणाचंही राज्य येवो,” ते म्हणायचे, “माह्या मशीनमधी आपण अजून मध्य प्रदेशातच राहतो.”

काकूंचं यावर वेगळं मत होतं. “त्या डब्यात आमच्या लग्नाले पंचवीस वर्षं अजून व्हायचेच आहे. म्हणून मले साडी भेटत नाही.”

कोणी त्याला चोरीचं सॉफ्टवेअर म्हटलं की मात्र काका दुखावत. “चोरलं नाही जी. तारीख मांगं नेली फक्त.” चोरी म्हणजे काय याची त्यांची व्याख्या निराळी होती. तोंडानं काढलेला आवाज म्हणजे चोरी. नारळाच्या करवंट्या आपटून घोडा धावल्याचा आवाज काढणं म्हणजे तर दरोडा. नाटकात जे वाजेल ते जगात कुठेतरी खरोखर वाजलेलं असलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता, आणि त्या नियमासाठी ते कुठेही जात. वासराच्या हंबरण्यासाठी उतईला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात ते भल्या पहाटेपासून बसले होते. वासरू गप्प. शेवटी काकांनी निघायची तयारी केली तेव्हा हंबरलं.

एका पौराणिक नाटकात आकाश गडगडायला हवं होतं. काका चरोद्याच्या यार्डाजवळ जाऊन उभे राहिले आणि मालगाडीचे डबे एकमेकांना भिडतात तो आवाज घेऊन आले. नाटकात राजाच्या वेषात आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांची सगळी नोकरी त्याच यार्डात गेलेली. शापवाणी झाली, आकाश गडगडलं, राजानं वर पाहिलं आणि दातांतल्या दातांत म्हटलं, “हे तं आपलं शंटिंग आहे.” पहिल्या रांगेत रेल्वेची तीन-चार कुटुंबं बसली होती. ती सगळी हसू दाबत माना डोलावत होती.

रिक्षाचा आवाज त्यांनी आपल्या फाटकासमोरच घेतला. एका रिक्षावाल्याला त्यांनी ठरवलं, दुरून यायचं, फाटकाशी थांबायचं, परत जायचं, पुन्हा यायचं. चार-पाच वेळा असं झाल्यावर त्यानं हात जोडले.

“कका, बइठना हे के नइ?”

“नहीं भाई, बैठना नहीं है. सिर्फ आवाज चाहिए.”

त्यानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी फाटकातूनच त्याला चहा दिला. अशा लोकांना काय द्यायचं ते त्यांना माहीत होतं.

अडचण अशी, की हे सगळे आवाज त्या जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात त्याच्याच पद्धतीनं साठवलेले. दुसरा कुठलाही प्रोग्रॅम ते उघडत नसे. आणि तो प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नसे. मशीन बदललं, विंडोज बदललं की काकांची झटापट सुरू होई. कधी नव्या विंडोजला ‘तू जुनी आहेस’ असं पटवता येई, कधी कुठलीशी हरवलेली फाइल तिच्या जागी नेऊन ठेवावी लागे. दर वेळी ते जिंकत. शेवटी त्यांचा जुना डबा धूर सोडून बंद पडला आणि अध्यक्षांनी मंडळासाठी नवाकोरा लॅपटॉप घेतला, तेव्हा मात्र काहीच चालेना.

काका कितीतरी दिवस दिसले नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. लॅपटॉपवर नवीन विंडोज होतं, आणि त्यात एक चौकट उघडली होती, आणि त्या चौकटीत त्यांचं ते जुनं, निळं-करडं विंडोज सुखानं बसलं होतं. त्याच्या आत तो प्रोग्रॅम. त्यांनी बटण दाबलं, काकूंचा आवाज आला, “कोण आलं गं?”

“मीच आली,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“हे कसं केलं काका?”

“सून घरात आली म्हणून सासूले कोणी बाहेर काढते का? मागची खोली देल्ली तिले. सुनेचा कारभार सुनेजवळ, सासूचा सासूजवळ. फक्त घड्याळ दोघींचं एकच आहे. सुनेनं तारीख बदलवली का सासूची बदलते. म्हणून सुनेलेही मी सोमवारातच ठेवलं.”

“अन् तिले बाहेरचं वारं नाही लागू द्यायचं,” काकू म्हणाल्या. “इंटरनेट लावलं का तिले खरी तारीख समजते. दिवसभर हेच ऐकून राहिली मी.”

चहा घेऊन त्या माझ्याजवळ बसल्या, काकांच्या डाव्या बाजूला, आणि सरळ बोलू लागल्या. “अध्यक्ष आले होते काल. म्हणे यंदा साउंडमधी काही गडबड झाली तं पुढच्या वर्षी दुर्गचा डीजे सांगू. यायनंही कबूल केलं. म्हणे बराबर आहे. आता तूच सांग पोरी, रिटायर झाल्यापासून वर्षभर हा माणूस एका संध्याकाळसाठी जगते. थे टेबल गेलं तं हा काय करन घरात? माहे भांडे वाजवून पाहन.”

काकांनी मान हलवली.

त्या वर्षीच्या नाटकात अध्यक्ष मरणार होते. तसे ते दर वर्षीच मरत. त्यांना मरणाचे प्रवेश फार आवडायचे, आणि नाटक निवडताना ते आधी शेवटचा अंक उघडून बघत, हे सगळ्यांना माहीत होतं. या खेपेला ते खाटेवर पडलेले म्हातारे वडील होते. मुलगा दूर शहरात. त्याची वाट बघत जीव अडलेला. शेवटी दाराशी रिक्षा येते, थांबते, वडील “आला गं” म्हणतात आणि प्राण सोडतात. मुलगा आत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. प्रेक्षकांत आमच्याकडची बहुतेक सगळी माणसं अशी, की ज्यांची मुलं पुण्याला, बंगळूरला. अध्यक्षांचा मुलगाही पुण्यात. अध्यक्षांनी कॅमेरा लावून अशा मुलांना घरबसल्या नाटक दाखवायची सोय केली होती. ती त्याच लॅपटॉपमधून करायची असं त्यांच्या मनात होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

पहिले दोन अंक झकास झाले. कुत्रा भुंकला, भोंगा झाला, आतून सासू बोलली. मध्यंतरात मी तोंड धुऊन परत आले तेव्हा अध्यक्ष केसांना पांढरी पावडर लावून टेबलापाशी वाकून उभे होते. मला पाहून ते घाईनं रंगमंचावर गेले. काका शांत बसले होते. पडदा उघडला.

तिसरा अंक सरत आला. नाटकातल्या सूनबाईनं दिवा लावला. वडिलांचा श्वास अडखळू लागला. सभागृहात इतकी शांतता, की कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्याही ऐकू आल्या. अध्यक्षांनी मान दाराकडे वळवली. ही खूण. काकांनी ‘रिक्षा’ दाबलं.

दोन्ही मोठ्या स्पीकरांतून एका परदेशी बाईचा गोड आवाज आला:

“युवर फ्री डेज आर ओव्हर. थँक यू फॉर ट्रायिंग.”

आधी मागे बसलेली कॉलेजची मुलं हसली. पुढच्या रांगांतून “काय म्हणे?” “कोण थे बाई?” असं सुरू झालं. मग कोणीतरी मोठ्यानं सांगितलं, “म्हणे फुकटचे दिवस सरले तुमचे,” आणि हसण्याची दुसरी लाट आली ती पहिलीपेक्षा मोठी. खाटेवर अध्यक्षांनी एक डोळा उघडला. मी प्रत उचलली, पण पुढे काय म्हणायचं ते माझ्याजवळच्या प्रतीत नव्हतं.

“सूनबाई,” अध्यक्ष खोल आवाजात म्हणाले, “त्या बाईले सांग, जराशी थांब म्हणा. पोरगा आला का निंगतो मी.”

टाळ्या थांबेनात. पण विंगेत काकांचा चेहरा मातीसारखा झाला होता. लॅपटॉपच्या पडद्यावर इंग्रजीत पैसे भरा म्हणणारी एक चौकट येऊन बसली होती आणि काही केल्या जात नव्हती. त्यांनी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवून मला तारीख दाखवली. आजची होती.

“सोमवार कुठं गेला?” ते मला म्हणाले.

टाळ्या ओसरल्या. अध्यक्षांनी पुन्हा मान दाराकडे वळवली. रिक्षा आल्याशिवाय त्यांना मरता येत नव्हतं. ते वाट बघत राहिले, सूनबाई वाट बघत राहिली, आणि पाचशे माणसं पुढच्या हसण्याची तयारी करून बसली. काकांनी एकदा कीबोर्डकडे पाहिलं. मग घोषणांसाठी ठेवलेला माइक ओढून घेतला आणि डोळे मिटले.

तोंडानं त्यांनी आजवर एक साधी शीळही वाजवलेली मी ऐकली नव्हती. पहिली टर्रटर्र आली तेव्हा काही जण हसले. पण ती फार लांबून येत होती. चौकातून वळली, गिअर बदलला, रस्त्यातल्या उंचवट्याशी हळू झाली, दचकली, पुन्हा धावू लागली. जवळ आली. इंजीन खोकलं, एकदा, आणि बंद पडलं. मग काकांनी तळहातानं आपल्या छातीवर हलकेच थाप मारली, आणि एक जड बॅग जमिनीवर ठेवली गेली. त्यानंतर त्यांनी काहीच केलं नाही. पैसे देणारा माणूस खिशात हात घालतो तेवढा वेळ ते गप्प राहिले.

सभागृहात कोणी हसत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एक बाई मागे वळून दाराकडे बघत होत्या.

“आला गं,” अध्यक्ष म्हणाले, आणि गेले.

पडदा पडल्यावर सगळे एकमेकांना भेटत होते, आणि काका विंगेत वायरी गुंडाळत होते. कोपर ते तळहात, कोपर ते तळहात, अशी त्यांची पद्धत. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “डीजेले सांगून द्या म्हणा. मी बसतो घरी.”

अध्यक्ष आले. केसांतली पांढरी पावडर कपाळावर उतरली होती.

“याले नेट कोणी लावलं?” काकांनी विचारलं.

“मीच लावलं. माहा पोरगा पाहून राहिला होता ना पुण्याहून. पण तुमाले विचारून लावलं जी! तुमी मान हलवली.”

“कोन्या बाजूनं विचारलं?”

अध्यक्ष टेबलाकडे गेले, आपण मघाशी कुठे वाकलो होतो ते आठवून तिथं उभे राहिले, आणि तिथंच थांबले.

“झालं!” काकू येऊन पोचल्या होत्या. “त्या बाजूनं मी माहेरी चालली म्हटलं तरी हौ म्हणते हे.”

सगळे हसले, काका सोडून. “थे काही असो,” ते म्हणाले. “बाप मराच्या टायमाले लोकं हसले. आवाज माहा होता. जे ठरलं थे ठरलं.” आणि पुन्हा वायर गुंडाळू लागले.

अध्यक्ष टेबलाला वळसा घालून काकांच्या उजव्या बाजूला आले. मला स्टुलावरून उठवून स्वतः तिथं बसले.

“काका, इतके वर्षं मी स्टेजवर मरून राहिलो. आज पयल्यांदा मले वाटलं का माहा पोरगा खरंच आला. मी वाट पाहत होतो जी, तुमची शप्पथ. पुढचं वाक्य विसरलो होतो, तरी निंगालं.” त्यांनी कपाळावरची पावडर पुसली. “तुमी नसान तं मी पुढच्या वर्षी मरत नाही. सांगून ठेवतो.”

काकांनी मान हलवली. या वेळी ऐकून.

त्यानंतर ते आणखी काही वर्षं त्या टेबलाशी बसले, आणि अध्यक्ष दर वर्षी मरत राहिले. एकदा बुडून, एकदा विषानं, एकदा नुसतेच खुर्चीत. काका थंडीच्या अखेरीस गेले, झोपेत. काकू म्हणाल्या, काही आवाज झाला नाही.

परवा मंडळाची बैठक झाली. यंदाच्या साउंडचं काय, असं कोणीतरी विचारलं. दुर्गच्या डीजेचा नंबर एकाकडे होता, तो त्यानं दिला. अध्यक्षांनी स्वतः निवडलेल्या नाटकाची प्रत माझ्या हातात दिली आणि चष्मा पुसत बसले.

मी ती घरी आणून वाचली. तीन अंक, दोन लग्नं आणि एक हरवलेली म्हैस. अध्यक्षांची भूमिका आजोबांची आहे, नव्वदीतले, सतत खोकणारे. शेवटचं पान मी दोनदा वाचलं. म्हैस सापडते, सगळे फोटोसाठी उभे राहतात, आणि आजोबा मधल्या खुर्चीत बसून जेवायला काय आहे ते विचारतात.